टीव्हीला वायर नाही, तो व्हिडिओ गेम कसला?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन आम्ही नेरुळला वन रूम किचनमध्ये राहायला आलो होतो... मी, हे आणि सासूबाई. एका रविवारी संध्याकाळी हे एक मोठा खोका घेऊन आले. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम! सोबत एक कॅसेट आणि दोन रिमोट.

मला वाटलं, आमच्या दोघांसाठी आणलाय. मी ओट्यावरचं आवरून हात पुसत बाहेर आले, तर दुसरा रिमोट सासूबाईंच्या हातात!

सासूबाई दिवाळे गावच्या. आयुष्यभर मासळी विकलेली बाई, टीव्हीवर बातम्यासुद्धा धड बघायच्या नाहीत. आणि आता मायलेक मांडीला मांडी लावून रणगाडे चालवत होते... "आये, डावीकडं! डावीकडं मार!" "अरे मारतंय ना, थांब!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

एक सांगते, त्याआधी यांची संध्याकाळ माझी होती. कंपनीतून आले की चहा घेऊन आम्ही गॅलरीत बसायचो. एवढ्याशा घरात दोघांना बोलायला तेवढीच जागा. आता चहा टीव्हीसमोर गार व्हायचा आणि मी गॅलरीत एकटी समोरच्या बिल्डिंगीतले वाळत घातलेले कपडे बघत बसायचे. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला की जीव नुसता जळायचा... स्वतःच्या सासूवर जळतेय, हे सांगणार तरी कोणाला?

मग भाऊबीज आली. ओवाळणीत काय हवं, असं भावाने विचारल्यावर मी साडी नको म्हटलं आणि हातात धरून खेळायचा गेम मागितला. तो वरून ठोकळे पडतात, ते नीट बसवत जायचे, तो. भाऊ बघतच राहिला.

हट्टाने शिकले. भाजी शिजेपर्यंत ठोकळे, कुकरची शिट्टी होईपर्यंत ठोकळे... आणि एक दिवस यांच्यासमोर मुद्दाम खेळत बसले. म्हटलं, बघा, मलाही येतो व्हिडिओ गेम.

यांनी टीव्हीवरची नजरही हलवली नाही. "हा व्हिडिओ गेम नाहीच मुळी. हे खेळणं आहे. टीव्हीला वायर नाही, तो व्हिडिओ गेम कसला?"

"का? ह्यालापण स्क्रीन आहे, बटणं आहेत..."

"अगं, गेममध्ये समोर कोणीतरी पाहिजे. मारामारी पाहिजे, रेस पाहिजे. हरलं की मरायला पाहिजे. ठोकळे लावणं म्हणजे काय गेम झाला?"

"मी मरते की त्यात!" मी जरा जास्तच जोरात बोलले. टीव्हीवरचा रणगाडा घुर्र घुर्र करत राहिला.

नंतरचे काही दिवस मी टीव्हीकडे पाठ करूनच बसायचे.

एका दुपारी हे कंपनीत होते. मी ठोकळे खेळत होते, सासूबाई मागे तांदूळ निवडत होत्या. एकदम म्हणाल्या, "माझ्यावर राग हाय ना तुझा?"

मी म्हटलं, "नाही हो आई. फक्त, तुमचा गेम खरा आणि माझा खोटा, एवढंच ऐकून घ्यायचं नाही मला."

त्या हसल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं. "तुला वाटतं मला त्या रनगाड्यांचा नाद हाय? मला त्यातलं काय पन कलत नाय. कोनता माझा, कोनता दुश्मनाचा, ते पन नाय."

"मग रोज का खेळता?"

"तुमचं लगीन झाल्यापासून पोरगा कामावरून आला का गॅलरीत. दार लोटलेलं. तुमी दोघं हसायचे ते मला आत ऐकू यायचं... मी कोनाला काय बोलनार? नवीन लगीन हाय, बसू दे म्हनायची. मंग हा खोका आला आनि माझा पोरगा माझे बाजूला येऊन बसला. मी म्हटलं, रनगाडा तं रनगाडा."

माझ्या हातातल्या गेममध्ये ठोकळे वरपर्यंत भरत गेले आणि संपला डाव. मी दुसरा सुरूच केला नाही.

आतून हसण्याचा आवाज आला की मला जे व्हायचं, तेच त्यांना हा खोका यायच्या आधी कितीतरी महिने होत होतं. आणि तो आवाज माझा होता...

मी उठून टीव्ही लावला. "चला आई, मला शिकवा."

"मला येतं कुठं!" असं म्हणत त्यांनी रिमोट घेतलाच. पहिल्याच मिनिटाला मी रणगाड्यांनी राखायचा तो आमचाच किल्ला उडवला. "अगो, आपला हाय तो!" त्या अशा ओरडल्या की शेजारची वहिनी दार वाजवून काय झालं ते विचारून गेली. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

हे घरी आले तेव्हा आम्ही खेळतच होतो. बूट न काढता दारातच उभे राहिले, आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत. मग आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

त्या दिवसापासून सगळं गोड झालं वगैरे नाही हं. मत्सर असा एका दुपारीत जात नाही... त्यांचा, माझा, दोघींचाही नाही गेला. पण गॅलरीत जाताना मी "आई, येता?" म्हणू लागले. कधी त्या यायच्या, कधी "जावा तुमी" म्हणायच्या. आणि ते "जावा" मनापासूनचं असायचं.

मी कितीतरी महिने आतल्या आत जळत होते, पण तोंड उघडलं तेव्हा व्हिडिओ गेम कशाला म्हणायचं यावरच भांडले. खरं दुखणं काय ते आधी सांगायची हिंमत सासूबाईंनी केली... त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.