मंगळवारी दुपारी गारा

रविवारी सकाळी चहाच्या वेळेला डब्लिनच्या ल्यूकन उपनगरातल्या आमच्या घरात फोन वाजला की तो शिरीष देशकरचाच, हे आमच्या भिंतीतल्या उंदरांनाही ठाऊक होतं. तो 'हॅलो' म्हणायचा नाही. "दिल्या, बुधवारी दुपारनंतर गडगडाट. गुरुवार कोरडा. शनिवारी गारा पडतील बहुतेक." हा अंदाज डब्लिनचा नव्हे बरं का! अमेरिकेच्या मधोमध, रॉकी पर्वतापासून पूर्वेला पसरलेलं एक उंच, सपाट माळरान आहे, तिथला. डब्लिनला येण्याआधी शिरीषने नोकरीपायी तिथे तीन उन्हाळे काढले होते, आणि ते सोडून कैक वर्षं झाली तरी सासुरवाशिणीने माहेरची खुशाली विचारावी तसा दर रविवारी तो इंटरनेटवर तिथलं आठवड्याचं हवामान बघायचा आणि मला ऐकवायचा. म्हणून गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी फोन वाजला तेव्हा रिसीव्हर उचलून मी नेहमीसारखाच ओरडलो, "बोल, काय काय पाडतोयस या आठवड्यात?" पलीकडून त्याची बायको, अनघा, म्हणाली, "भावजी, हे गेले. पहाटे. झोपेतच."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं. लिहितो. पण या माणसावर मी सहा-सात वर्षं मनापासून जळलो, तेवढं आधी सांगू द्या. तो यायच्या आधी ल्यूकनमधल्या आम्हा पाच-सहा मराठी घरांत गप्पांचा राजा मी होतो. रविवारी कुणाच्या तरी घरी भजी तळली जायची, बाहेर ती आयरिश भुरभुर चालू असायची, आणि मी बार्शीचा वळीव सुरू करायचो. वळवाच्या वावटळीने आमच्या मास्तरांची म्हैस उचलून शाळेच्या पत्र्यावर ठेवली, चांगली आठवडाभर ती तिथेच होती, धार काढायला शिडी लावायला लागायची, वगैरे. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या, आणि माझी मुक्ता, तेव्हा सहा वर्षांची, माझ्या मांडीवर बसून विचारायची, "मग शेण कुठे पडायचं?" यापेक्षा मोठं सिंहासन मला कधीच नको होतं.

अशाच एका रविवारी हा नवा माणूस खिडकीशी उभा राहिला, बाहेर बघितलं आणि म्हणाला, "हा पाऊस नाही. ढगाला घाम आलाय." सगळे हसले. मी नाही हसलो. मग तो आपल्या त्या सपाट आवाजात सांगू लागला. दुपारी पश्चिमेला एक ढग उगवतो, कोबीच्या गड्ड्याएवढा. मध्ये डोंगर नाही, झाड नाही, नुसता गहू. तुम्ही ऑफिसात बसून त्याला वाढताना बघत राहता. चार वाजेपर्यंत तो आभाळाला टेकतो आणि वरून चपटा होतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. मग वारा पडतो. पाखरं गप्प होतात. आणि उजेड... हिरवा होतो. इथे तो थांबायचा. एक भजं उचलायचा, चटणीत बुडवायचा, सावकाश खायचा, आणि अख्खी खोली त्याच्या जबड्याकडे बघत बसायची! मी आयुष्यभर बोलून जे कमावलं ते हा गडी गप्प राहून घेऊन गेला. "मग? अँड देन?" म्हणत मुक्ता माझ्या मांडीवरून उतरली आणि त्याच्या पायाशी जाऊन बसली.

वर त्याच्याकडे पुरावा होता. तिथल्या कोरड्या उन्हात अनघाने पापड वाळत घातले होते, आणि ते उडू नयेत म्हणून पातेल्यावरचं स्टीलचं झाकण वर ठेवलं होतं. त्या झाकणावर गार पडली होती. लिंबाएवढा पोचा, आत गेलेला, गुळगुळीत. मुक्ताने त्यात अंगठा फिरवला आणि घरी येताना गाडीत मला म्हणाली, "बाबा, युअर बफेलो इज मेड अप. शिरीषकाका वॉज अ‍ॅक्चुअली देअर."

"अगं, मीपण तिथेच होतो! शिडी मीच धरली होती!"

"प्रूव्ह इट."

पुढच्या रविवारी आमच्या घरी भजी होती. मी प्रूव्ह केलं. आईने बार्शीहून पाठवलेलं झाकण, वळवातली गार, बघा बघा... माझी बायको नीता किंचाळली, "अहो, ते माझं नवीन झाकण आहे!" तरी मी रेटलं असतं, पण मुक्ताने पोच्यावरून बोट फिरवलं. "बाबा, दिस इज स्क्वेअर." आमचा हातोडा चौकोनी तोंडाचा. खोलीत जो हशा उसळला तो माझ्या मते डब्लिन विमानतळापर्यंत ऐकू गेला आणि दोन विमानं परत फिरली. मुक्ता मात्र हसत नव्हती. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती.

शिरीषही हसला नाही. त्याने झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि त्याच सपाट आवाजात मुक्ताला म्हणाला, "वळवात चौकोनीही पडतात. मी नागपूरला पाहिल्यात." मुक्ता वळून माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच ती गार पाडली होती. तो माणूस माझ्या देखत एकदाच खोटं बोलला, आणि तेही माझ्यापेक्षा सरस! त्या रात्री मी जळून कोळसा झालो. माझ्या मुलीचा विश्वासही मला त्याच्याकडून उसना घ्यावा लागला होता. दुसऱ्या रविवारी सकाळी फोन आला, "दिल्या, सोमवारी गडगडाट," झाकणाबद्दल एक अक्षर नाही. कधीच नाही.

त्याला निरोप दिला त्या दिवशी आभाळ कडाडलं, असं लिहायला माझे हात शिवशिवताहेत. नाही कडाडलं. भुरभुर होती. बसस्टॉपवरचे म्हातारे जिला 'ग्रँड सॉफ्ट डे' म्हणतात ती. ज्याने जन्मभर त्या भुरभुरीला नावं ठेवली त्याच्या वाट्याला तीच यावी, याचं मला फार वाईट वाटलं... आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतरचे रविवार मुके गेले. चहा पिताना मी फोनकडे बघत बसायचो आणि नीता माझ्याकडे. मग परवाच्या रविवारी मुक्ता, आता चांगली उंच झालेली, मराठीत विचारलं तरी डब्लिनच्या इंग्रजीतच उत्तर देणारी, संगणकापाशी बसली आणि मांडीवर फोन घेऊन नंबर फिरवला. मला वाटलं मैत्रीण असेल. "अनघाकाकू? ट्यूजडे आफ्टरनून, थंडरस्टॉर्म्स. अँड गारा. ह्यूज वन्स. नारळाएवढ्या."

मी चहाचा कप घेऊन हळूच तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर त्या माळरानाचा आठवडा होता. मंगळवारी दुपारी गडगडाटाची शक्यता, एवढंच लिहिलं होतं. गारांचं नावसुद्धा नव्हतं.

फोनमधून अनघाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "नारळाएवढ्या? अगं, गोल की चौकोनी?"

मुक्ताने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग थांबली. अगदी त्याच्यासारखी, भजं खाऊन होईपर्यंत थांबावं तशी.

"चौकोनी," ती म्हणाली, स्वच्छ मराठीत. पलीकडे अनघा हसली, आणि तिच्या मागे, पोच्यामुळे पातेल्यावर कधीच नीट न बसलेलं ते झाकण भाताच्या वाफेनं खडखडत होतं.