पहिल्या रांगेतल्या प्रेरणा

हे किस्से आम्ही मुद्दाम जमवलेले नाहीत. कार्यक्रम उशिरा सुरू होतो, प्रमुख पाहुणे वाटेत असतात, नवरे माईकपाशी असतात आणि आम्ही तिघी पहिल्या रांगेत ताटकळत बसतो. एकीनं तोंड उघडलं की दुसरीचा राग वर येतो, असं करत ते साठत गेले.

मी कवीची बायको, महादेवी गायकाची आणि पद्मा डिझायनरची. सोलापुरात कुठंही सत्कार असो, निवेदक आमच्याकडे हात करून म्हणणारच, "आणि ही यांच्या यशामागची प्रेरणा!" नाव घेत नाहीत. त्या शब्दानं माझं डोकं फिरतं.

*

आमच्या ह्यांची ओल्या केसांवरची कविता फार गाजली. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. मी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चिंब, आणि हे पलंगावरून ओरडतात, "हलू नकोस! सुचतंय!"

मी म्हटलं, "सुचू दे, पण उठून आधी मोटार बंद करा!"

कविता झाली. टाकी भरून वाहिली.

*

महादेवीचा नवरा रियाजाला बसला की घरात कुकर लावायचा नाही. शिट्टीनं सूर बिघडतो म्हणे! ती बिचारी डाळ पातेल्यात तासन्‌तास शिजवते. मुलाखतीत तो गहिवरून म्हणाला, "हिनं मला कधी डिस्टर्ब केलं नाही."

महादेवी माझ्या कानात म्हणाली, "अय्यो, कुकरनं पण न्हाय की केलं. त्याचं पण नाव घ्या म्हणावं!"

*

सपत्नीक सत्कारात नवऱ्याला शाल, बायकोला नारळ आणि ब्लाउजपीस. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हे पूर्ण, पाहुणे पूर्ण, माझा फक्त हात, नारळासकट.

ह्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हात छान आलाय गं!"

*

ह्यांचं पुस्तक निघालं. अर्पणपत्रिका: 'जिच्यामुळे हे घडलं, तिला.' नणंदेचा लगेच फोन, "वहिनी, कोण गं ही?"

संताप संताप झाला. विचारलं, "माझं नाव लिहायला काय झालं होतं?"

"नाव आलं की त्यातलं काव्य जातं."

"मग कव्हरवरचं तुमचंही काढा!"

 

*

आता पद्माचं. तिचं सासर-माहेर दोन्ही विणकरांचं. तिनं गच्चीत बसून एका वॉल हँगिंगचं डिझाइन काढलं. परक्याला नुसते रंगीत चौकोन दिसावेत असं. नवऱ्यानं ते विणून घेतलं आणि स्वतःच्या नावावर स्पर्धेत पाठवलं. पहिलं बक्षीस!

पद्मा त्याला म्हणाली, "स्टेजवर एकदाच सांगा, डिझाइन हिचं हाय म्हणून. मला बाकी काय नको."

"सांगतो की," तो म्हणाला.

पडदा उघडला. मागं हँगिंग टांगलेलं. लावताना तो जातीनं उभा होता. ते बघून पद्मा काहीतरी बोलायला गेली, तोवर निवेदकानं विचारलं, "सर, ही कल्पना सुचली कुठं?"

आम्ही तिघी पुढं सरकून बसलो. पद्मानं माझा हात घट्ट धरला.

"सात रस्त्याच्या चौकात उभा होतो," तो म्हणाला, "आणि डोळ्यांपुढं उद्याचं सोलापूर आलं! या बघा उंच उंच इमारती. खालची ही रेघ, ती आपली माती!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! मग त्यानं आमच्याकडे हात केला, "आणि यामागची प्रेरणा..."

पद्मानं माझा हात सोडला आणि वर गेली. निवेदकानं नारळ दिला, ब्लाउजपीस दिला, माईक पुढं केला. "वहिनी, दोन शब्द!"

तिनं नारळ नवऱ्याच्या हातात दिला.

"ते टॉवेल हायत," ती माईकमध्ये म्हणाली. "आमच्या गच्चीवरचे. दोरीवर वाळत घातलेले."

मग निवेदकाची खुर्ची ओढली, साडी खोचून वर चढली आणि हँगिंगचं एक टोक सोडवून नवऱ्याला म्हणाली, "नारळ ठेवा खाली. त्या बाजूनं धरा. उलटं टांगलंय."