स्टेफाची खुर्ची

डारिया हनात्यूक नक्की काय काम करते, हे तिच्या बापाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. वासिल हनात्यूक कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या कॅनोरा गावचा. तिथल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमध्ये बर्फ जमवण्यात त्याची हयात गेली. मुलगी सिनेमात आहे म्हणजे काय करते, असं गावात कुणी विचारलं की तो तिलाच फोन लावायचा.

"डारका, तू कॅमेरा धरतेस का गं?"

"नाही, तातो."

"लिहितेस?"

"लिहिणाऱ्यांना पुन्हा लिहायला लावते."

"मग पैसे घालतेस?"

"ते लॉस एंजेलिसचे लोक घालतात. मी क्रिएटिव्ह प्रोड्यूसर आहे."

"ते झालं नाव. काम काय करतेस?"

आता काय सांगणार? ज्यांच्याकडे पैसा असतो त्यांना गोष्ट सुचत नाही आणि ज्यांना गोष्ट सुचते त्यांच्याकडे पैसा नसतो. या दोघांच्या मध्ये क्रिएटिव्ह प्रोड्यूसर उभा असतो, सासू-सुनेच्या मध्ये नवरा उभा असतो तसा. दोघींनाही तो आपला वाटतो आणि पोळी करपली की दोघीही त्याच्याकडेच बघतात.

व्हँकूवरबाहेर लँगलीला डारियाची कंपनी टीव्हीसाठी नाताळचे सिनेमे काढायची, आणि तेही भर जुलैत. बाहेर लोक अर्ध्या चड्ड्या घालून आइस्क्रीम चाटत असायचे आणि आत नट-नट्या लोकरीचे मफलर गुंडाळून, घामाघूम होत प्रेमात पडायचे. लॉस एंजेलिसहून चॅनेलचा कर्टिस सूचना पाठवायचा. प्रत्येक सूचनेची सुरुवात ठरलेली: "आम्हाला फारच आवडलं! फक्त एक छोटीशी गोष्ट." त्या छोट्याशा गोष्टीत कधी नायकाचा धंदा बदलायचा, कधी गाव, कधी शेवट आणि एकदा तर नायकच. डारिया ती सूचना मधात घोळवून लेखकाच्या गळी उतरवायची. तो रडकुंडीला आला की त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "गोष्ट तुझीच आहे हं." यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही. चांगली होती ती आपल्या कामात, फारच चांगली.

मग एका वर्षी गोष्टींचा दुष्काळ पडला आणि तिनं स्वतःच्या घरातली गोष्ट काढून दिली.

ती शाळेत असताना तिची आई, स्टेफा, गेली. त्यानंतरच्या पहिल्याच नाताळात कॅनोराला मोठं हिमवादळ आलं. हनात्यूक मूळचे युक्रेनचे. युक्रेनियन लोकांचा नाताळ जानेवारीतला, सहा तारखेच्या रात्रीचं जेवण बिनमांसाचं, बारा पदार्थांचं. रस्ते बंद झाले, अडकलेले ट्रकवाले कर्लिंगच्या हॉलमध्ये आसऱ्याला आले, आणि वासिलनं घरातली सगळी पातेली तिकडे नेऊन बर्फावरच टेबलं मांडली. एक खुर्ची रिकामी ठेवली, तिच्यापुढे ताटली आणि चमचा मांडला. गेलेल्या माणसासाठी पान वाढायची त्यांची रीतच आहे. खुर्च्या कमी पडल्या होत्या. तरी कुणी तिच्यावर बसलं नाही. एक दाढीवाला ट्रकवाला दिवसभर ट्रक हाणून आला होता, पण त्यानंही भिंतीला टेकून, उभ्यानंच बोर्श्ट, म्हणजे बिटाचं सूप, प्यायलं. त्याला काही कुणी सांगितलं नव्हतं. डारिया ते दृश्य आयुष्यभर विसरली नाही.

कर्टिसला ही गोष्ट फारच आवडली. फक्त, नाताळ होऊन गेल्यावर नाताळ कोण बघणार? डारियानं चोवीस डिसेंबर केलं. बर्फ जमवणारा बाप प्रेक्षकांना कळायचा नाही, म्हणून तो बेकरीवाला झाला. बारा पदार्थांऐवजी एक अख्खी भाजलेली टर्की आली. दाढीवाल्या ट्रकवाल्याच्या जागी एक देखणा विधुर आर्किटेक्ट आला, हौस म्हणून ट्रक चालवणारा. हनात्यूक आडनाव उच्चारताना नटीच्या तोंडाला फेस येत होता, तेव्हा कुटुंब हार्पर झालं. प्रत्येक वेळी डारिया 'हो' म्हणत गेली. मनाशी तिचा एकच सौदा होता: बाकी सगळं जाऊ दे, आईची खुर्ची राहू दे. तेवढी एक खुर्ची राहिली तर गोष्ट आपली, नाहीतर आपण सख्ख्या आईलाच विकून खाल्लं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जेवणाचं दृश्य होतं त्या दिवशी वासिल मुद्दाम विमानानं आला. आयुष्यात पहिल्यांदाच लेकीचं काम बघायला. पँटला गॅलस, पांढऱ्या मिशा विंचरलेल्या. त्यानं वाकून जमिनीवरचा बर्फ चिमटीत घेतला.

"कागद आहे हा?"

"हो, तातो."

"बरंय. फावडं लागत नाही."

टेबल मांडलं होतं, मेणबत्त्या लागल्या होत्या, नट-नट्या आपापल्या जागी बसले होते आणि मधोमध एक खुर्ची रिकामी होती. वासिल तिच्यापाशी गेला. रिकाम्या पानापुढचा चमचा जरा वाकडा पडला होता. तो त्यानं सरळ केला आणि तिथंच उभा राहिला. कॅमेऱ्यातलं चित्र थेट लॉस एंजेलिसला दिसत होतं. डारियाचा फोन वाजला.

"डारिया, आम्हाला फारच आवडलंय!" कर्टिस म्हणाला. "फक्त ती रिकामी खुर्ची. लोकांना वाटेल, एक नट आलाच नाही. आणि तो मिशीवाला म्हातारा कोण आहे? झकास आहे! त्याला तिच्यावर बसव ना. हसरा. नाताळ आहे, कुणाचं तेरावं नाही."

"कर्टिस, ती खुर्ची म्हणजे तर सगळी..."

"मला कळतंय गं. गोष्ट तुझीच आहे. छोटीशी गोष्ट आहे, करून टाक."

'गोष्ट तुझीच आहे.' हे वाक्य आपल्या कानांवर पडताना कसं लागतं, ते डारियाला त्या दिवशी कळलं. पण सवय वाईट. डोकं नाही म्हणत होतं आणि पाय चालायला लागले होते. ती बापापाशी गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंडातून आपोआप तोच मध गळला.

"तातो, फारच छान उभे होतात तुम्ही. फक्त एक छोटीशी गोष्ट. या खुर्चीवर जरा बसाल का? आणि थोडं हसाल?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"माझं काय गं," तो म्हणाला. "पण तिला विचारायला हवं."

त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, वाकून युक्रेनियन भाषेत हलक्या आवाजात काहीतरी विचारलं आणि थांबला. चांगला वेळ थांबला. दिवे धरणारे, केस विंचरणारे, देखणा आर्किटेक्ट, सगळे हातातलं काम टाकून खुर्चीकडे बघायला लागले. मग तो सरळ झाला.

"नाही म्हणतेय."

डारियानं फोन कानाला लावला.

"कर्टिस, नाही म्हणतेय ती."

"कोण ती?"

"जिची खुर्ची आहे ती. स्टेफा."

या धंद्यात लेखकाला नाही म्हणायची सोय नसते, दिग्दर्शकाला थोडीफार असते, पण 'ती नाही म्हणतेय' हे शब्द फक्त एकाच जातीच्या माणसांबद्दल, बड्या नट्यांबद्दल, वापरले जातात, आणि त्यांच्यापुढे चॅनेलचे भलेभले शेपूट घालतात.

"स्टेफा... मोठी आहे का?" कर्टिसनं आवाज खाली आणून विचारलं.

"आमच्या घरात तिच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं."

"तिचा एजंट कोण?"

"तिनं कधी ठेवलाच नाही."

"बाप रे! तसल्या फार वाईट. आत्ता सेटवर आहे?"

डारियानं खुर्चीकडे पाहिलं. बापाचा हात अजून तिच्या पाठीवरच होता.

"आहे."

"माझा आवाज तिला ऐकू जात नाहीये ना? ऐक, तिला दुखवू नका. खुर्ची हवी तशी राहू दे. टर्की चालते ना तिला?"

"नाही चालत."

"मग काढा ती!"

टर्की उचलली गेली. दृश्य एका दमात झालं, खुर्ची रिकामी ठेवून. डारिया पडद्याआड उभी राहून रडली आणि कुणी विचारलं तर कागदाचा बर्फ डोळ्यात गेला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅनेलकडून सेलोफेनमध्ये गुंडाळलेली ही एवढी मोठी टोपली आली. नाशपाती, चॉकलेटं, चीज. मोठी नटी रुसली की अशी टोपली धाडायची तिकडची पद्धत. वर स्टेफाच्या नावाचं कार्ड होतं. वासिलनं चष्मा लावून ते लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'प्रिय स्टेफा, आम्हाला फारच आवडलं.'"

त्यानं कार्ड उलटं करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटं केलं.

"पुढं काही नाही गं लिहिलेलं," तो म्हणाला.