क्रमांक चारशे सतराची राणी

चिंतामणी खिरवडकर यांना मते होती. जबलपुरात चोपन्न वर्षे काढूनही ती कोणी विचारली नव्हती, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. नळाला पाणी किती वाजता यावे, दीक्षितपुऱ्यातल्या गल्लीत खडी कोणत्या आकाराची टाकावी, खिडकीवरच्या कारकुनाने टोकन देताना वर पाहावे की पाहू नये, या सर्व विषयांवर त्यांचे मत तयार होते, मुद्देसूद होते आणि टंकलिखित प्रतीसह संबंधित कार्यालयांत पोचलेले होते. उत्तरादाखल आजवर त्यांच्या घरी एकच लिफाफा आला, आणि तोही शेजाऱ्याचा निघाला. भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन ते एका खासगी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भिंगे पुसत. वर्गात शिकवणारे प्राध्यापक त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होते आणि भिंग उलटे धरत.

अशा या माणसाला गोरखपुरातल्या स्नेहवर्धिनी मराठी वाचनालयातल्या एका वहीने सावरले.

या वाचनालयाचे दोन नियम होते. पहिला असा की, प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टन आणि पाठीवर फक्त क्रमांक. मुखपृष्ठावरचे चित्र पाहून पुस्तक उचलणारा वाचक हा वाचक नव्हे, असे संस्थापकांचे मत होते. त्यांना मात्र मत विचारणारे लोक लाभले होते. दुसरा नियम, पुस्तक परत करताना टेबलाला सुतळीने बांधलेल्या वहीत दोन ओळी अभिप्राय लिहायचा, त्याशिवाय पुढचे पुस्तक मिळायचे नाही. अभिप्राय उजव्या पानावर. डावे पान ‘आता काय वाचावे?’ या पृच्छेसाठी राखीव होते, आणि गेली तीस वर्षे त्यावर लोक पेन चालते की नाही ते पाहत आले होते.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी त्या डाव्या पानावर खरोखर प्रश्न उमटला: ‘जादू असलेले परंतु रक्तपात नसलेले पुस्तक आहे काय? रक्त नोकरीत पुष्कळ पाहिले. — हेमलता घटाटे, सेवानिवृत्त परिचारिका.’

वाचनालयातल्या सगळ्या अद्भुतकथा आणि विज्ञानकथा, एकूण बासष्ट, चिंतामणींनी वयाच्या अकराव्या वर्षापासून चोरून वाचल्या होत्या. चोरून, कारण शिकलेल्या माणसाने उडते घोडे वाचू नयेत असा त्यांच्या घरचा कायदा होता. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि लिहिले: ‘आपल्या दि. ४ च्या पृच्छेस अनुसरून कळविण्यात येते की, क्र. ३८८ वाचावे. त्यात एक पर्वत चालतो. रक्त निघत नाही. एके ठिकाणी गुडघा खरचटतो, तेवढे पान (११२) वगळावे.’

पुढच्या मंगळवारी उजव्या पानावर अभिप्राय आला: ‘पान ११२ वगळले नाही. पट्टी बांधण्याची पद्धत साफ चुकीची. बाकी पर्वत फार गोड.’

त्या दिवशी चिंतामणी घरी आले ते शीळ वाजवत. पत्नी वीणा वर्ध्याची. तिने हातातली भाजी खाली ठेवली. “काय झालं? तब्येत बरी आहे ना?”

“मला विचारण्यात आले,” चिंतामणी म्हणाले.

मग लोक विचारतच सुटले. सांगलीहून बदली होऊन आलेले बँक अधिकारी सिद्धेश माने यांनी लिहिले: ‘अंतराळ हवे, गणित नको. गणित दिवसभर असते.’ महाविद्यालयात शिकणाऱ्या अनुष्काला मराठी समजायचे सगळे, लिहिताना मात्र हिंदी आडवी यायची: ‘काका, टाइम मशीनवाली कोई बुक सांगा, पण लव्ह स्टोरी नको प्लीज.’ केवळ डावे पान वाचण्यासाठी लोक येऊ लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी चिंतामणी इस्त्रीचा सदरा घालू लागले. “आज किती जण विचारून राहिले?” वीणाताई दारातच विचारत, आणि लोक रक्तातली साखर सांगतात त्या गांभीर्याने ते म्हणत, “सात.”

शिफारस करताना ते यादी कधी उघडत नसत. बासष्टच्या बासष्ट क्रमांक तोंडपाठ होते आणि याचा त्यांना गर्व होता. नाही म्हणण्यात अर्थ नाही.

या वर्षी वैशाखात खालच्या फळीला वाळवी लागली. ग्रंथपाल विनीता देशकर यांनी सगळी कपाटे रिकामी केली, वाळवीने खाल्लेली सुरुवातीची पाने कापून उरलेल्या पुस्तकांची नवी बांधणी करून घेतली, साडेतीनशेच्या पुढचे सर्व क्रमांक नव्याने लावले आणि तशी सूचना फलकावर चिकटवली. चिंतामणी सूचना वाचत नसत. जे लोक पत्रे वाचत नाहीत तेच सूचना लिहितात, असे त्यांचे अनुभवसिद्ध मत होते.

महिनाभराने वहीत जे अभिप्राय उतरू लागले, तसे स्नेहवर्धिनीने पाहिले नव्हते. हेमलताबाईंनी सबंध पान भरले: ‘क्र. ४१७. काय ती राणी! काय तिचा दरबार! आणि दासींचे ते नृत्य! दोन दिवस स्वयंपाकात लक्ष नाही.’ चिंतामणींच्या आठवणीतल्या ४१७ मध्ये ढगांवरच्या नगरीची एक राणी होती खरी. दासींचे नृत्य मात्र काही केल्या आठवेना. पण आठवत नाही असे लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी उत्तर दिले: ‘नृत्याचा प्रसंग हा लेखकाच्या प्रतिभेचा कळस होय.’ सिद्धेशने ४०२ बद्दल ‘झोप उडाली’ असे लिहिले, अनुष्काने ४२९ दोनदा वाचले. विनीताताईंनी उत्साहाच्या भरात रविवारी सकाळी कार्यक्रमच ठेवला: ‘खिरवडकरांच्या शिफारशी, वाचकांच्या तोंडून.’

शुक्रवारी, रविवारची उजळणी करावी म्हणून, चिंतामणींनी ४१७ कपाटातून काढले. पहिले उरलेले पान नववे होते. त्यावर लिहिले होते: ‘पेटी सकाळचे ऊन लागेल अशी ठेवावी. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.’

त्यांनी ४०२ काढले. मग ४२९. मग ते स्टुलावर बसले.

“विनीताताई, हे काय आहे?”

“मधमाश्या, कोंबड्या आणि पाण्याचा पंप,” विनीताताई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. “शेतीखात्याकडून भेट आलेली जुनी पुस्तकं. नंबर बदलले ना काका. नोटीस लावून दीड महिना झाला.”

शनिवारी चिंतामणी जेवले नाहीत.

“काहून तोंड पाडून बसले? सांगून टाका ना उद्या,” वीणाताई म्हणाल्या.

“सांगितले की संपले. पुन्हा कोणी काही विचारणार नाही.”

“अन् नाही सांगितलं तर?”

“तर विचारत राहतील. पण मग मला उत्तर लिहिता येणार नाही. न वाचलेल्या नृत्याला मी कळस म्हणालो, वीणा. लेखी.”

“मग लेखीच माफी मागा. तुम्हाला दुसरं येते काय?”

रविवारी वाचनालयात चौतीस माणसे होती. पोहे होते, खोव्याची जिलबी होती, आणि चिंतामणींच्या खिशात चार मुद्द्यांचे निवेदन होते. जिलबीला त्यांनी हात लावला नाही, यावरून परिस्थिती ध्यानात यावी.

हेमलताबाई प्रथम उठल्या. “ऐका,” त्यांनी चष्मा सावरला. “‘नवी राणी तयार होण्याच्या बेतात असताना जुनी राणी निम्मी प्रजा घेऊन निघून जाते.’ निघून जाते! भांडण नाही, कोर्ट नाही. माझ्या सासूबाईंना वाचून दाखवायला हवं होतं हो!”

हशा पिकला. सिद्धेश उठला. “माझं पुस्तक म्हणजे धाडस आहे. एक प्रचंड बंद वसाहत. सोळा तास दिवे. आणि लेखक नागरिकांना शेवटपर्यंत ‘पक्षी’ म्हणतो, एकदाही माणूस म्हणत नाही! एकमेकांना टोचू लागले की लाल दिवा लावायचा. प्रत्येकाचं रोजचं उत्पादन मोजायचं, शून्य किंवा एक. अहो, आमची शाखाच आहे ही!”

अनुष्काला बसवेना. “माझ्यावाल्यात हीरोचं नावच नाहीये! पूर्ण बुकमध्ये फक्त ‘चालक’. अन् पाणी म्हणजे टाइम, हे मला लगेच समझलं. चालीस फूट, साठ फूट, तो खालीच जाऊन राहिला. मग लिहिलंय, ‘यंत्र उलटे फिरल्यास घाबरू नये, तत्काळ बंद करावे.’ सोचो ना! उलटे! म्हणजे पास्टमध्ये!”

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एक धिप्पाड गृहस्थ उठले. घमापुरातले अंड्यांचे ठोक व्यापारी रत्नाकर बोकडे. चिंतामणींनी ओळखले: हा माणूस आता सगळे फोडणार.

“मी एक बोलू का?” बोकडे म्हणाले. “चोवीस वर्षं कोंबड्यांत काढली मी. पण या लेखकाएवढं कोंबडीचं मन कोणाला समजलं नाही, भाऊ. लाल दिवा! कादंबरीत एवढं खरं! कसम से, डोळे भरून आले.”

आणि ते डोळे पुसत खाली बसले. कोणीच काही फोडणार नव्हते. चिंतामणी पूर्णपणे, अगदी भक्कमपणे सुरक्षित होते. याच गोष्टीने त्यांना उभे केले.

“मुद्दा क्रमांक एक,” त्यांनी कागद उलगडला. “क्र. ४१७ ही कादंबरी नव्हे. ते मधमाशीपालन आहे. क्र. ४०२ हे कुक्कुटपालन. क्र. ४२९ हे विद्युत पंपाची निगा व दुरुस्ती. मुद्दा दोन, क्रमांक बदलल्याची सूचना फलकावर होती. ती मी वाचली नाही. मुद्दा तीन, दासींच्या नृत्याविषयी मी जे लिहिले ते न वाचता लिहिले. ते असत्य होते. मुद्दा चार...” चौथा मुद्दा वहीतून निवृत्त होण्याचा होता. तो त्यांना वाचवेना.



“थांबा,” हेमलताबाई म्हणाल्या. “म्हणजे ती नाचते ते खरं आहे?”

“कोण?”

“ती कामकरीण! फुलं कुठं सापडली ते घरी येऊन नाचून सांगते, ते?”

“होय. सिद्ध झालेले आहे.”

“आणि राणी खरंच निघून जाते? प्रजा घेऊन?”

“जाते.”

हेमलताबाई मटकन खुर्चीत बसल्या. “अगं बाई! मी समजत होते कोणीतरी बसून रचलंय! हे आपल्या नाकासमोर चाललंय?” आणि त्या पोट धरून हसू लागल्या, तशा हसू लागल्या की शेजारच्या बाईंनी त्यांची पोह्यांची बशी काढून घेतली.

“म्हणजे ते माझंच पोल्ट्री निघालं!” बोकडे गरजले. “मी आपल्याच दुकानावर रडून राहिलो होतो!”

“आणि माझी शाखा?” सिद्धेशने विचारले, पण ते कोणाला ऐकू गेले नाही, कारण अनुष्का खुर्चीवर चढली होती. “अरे काका, सुनो तो! आमच्या घरी नवीन पंप बसवला, पाणीच चढेना. मी त्या मिस्त्रीला मजाकमध्ये बोलले, भैया, यंत्र उलटं फिरून राहिलं, दोन तारा बदलून बघा. चालू झालं! पप्पा चार दिवसांपासून मला सायंटिस्ट म्हणून राहिले!”

त्यानंतर सभा सभा राहिली नाही. कोणी राणीसारखे निम्मे लोक घेऊन दुसऱ्या खोलीत गेले, कोणी पोह्याच्या पातेल्यापर्यंतची दिशा नाचून दाखवली, विनीताताई ‘हळू, हळू’ म्हणत स्वतःच ओरडत होत्या. चिंतामणी हातात कागद धरून मध्येच उभे होते. चोपन्न वर्षांत त्यांची एकही तक्रार इतक्या आनंदाने स्वीकारली गेली नव्हती, आणि ही तर त्यांनी स्वतःविरुद्ध केलेली.

“खिरवडकर साहेब,” बोकडे त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “कादंबरीबिदंबरी राहू द्या. असं अजून काय आहे कपाटात? मला सांगा.”

मागे हेमलताबाई उभ्या होत्या, त्यांच्या मागे सिद्धेश, त्याच्या मागे चिंतामणींना अनोळखी अशी पाचसहा माणसे. सगळी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

“मला ठाऊक नाही,” चिंतामणी म्हणाले. हे वाक्य तोंडातून कसे बाहेर पडते हे त्यांना आजवर माहीत नव्हते. ते फारसे दुखले नाही. “वाचून सांगतो. शुक्रवारपर्यंत मुदत द्यावी.”

त्यांनी ४१७ आपल्या नावावर घेतले, हेमलताबाईंनी दिलेली जिलबी उभ्याउभ्याच खाल्ली आणि ई-रिक्षात बसून पान नऊ उघडले. रिक्षा गर्दीतून वळणे घेत होती. पान पंधरावर पहारेकरी होते, पान बावीसवर ते नृत्य, आकृतीसह. पान चौतीसवर पोळ्यात विलक्षण गडबड माजली होती.

“अंकलजी,” चालकाने मागे वळून पाहिले, “दीक्षितपुरा तो कब का निकल गया. घमापुर आ गया. उतरना नहीं है क्या?”

चिंतामणींनी बोटाने ओळ धरून ठेवली. “चलने दो, भैया,” ते म्हणाले. “राणी निघतेय.”