पाणी किती लांब

विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या आम्ही आठ मुली पाथर्डीकडच्या एका वस्तीवर पाहणीला गेलो होतो. ऊन चढलं होतं. पहिल्याच घरी एक म्हातारी भेटली. तिचं नाव मी फॉर्मवर लिहिलं होतं, आता आठवत नाही. ती पदराने सारखी डोळ्यांच्या कडा टिपायची आणि प्रत्येकीला "बस गं माय" म्हणायची.

आम्ही बसलो. तिने न मागता हंड्यातलं पाणी दिलं. तांब्या हातोहात फिरला. दोघींनी तर तोंडही धुतलं. मग मी फॉर्म काढून विचारलं, "आजी, पाणी किती लांबून आणता?"

तिने हंडा वाकवून आत बघितलं. चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणाली, "आता तिकडंच चाल्ले. चल संगं, मोजून घे."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर मला वर बघवेना. जावंसं वाटलं. पण जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि अजून चार वस्त्या व्हायच्या होत्या.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मागल्या साली पोरं आल्ती. ती बी संगं न्हाई आली."

ती माळ उतरून दिसेनाशी झाली. मी चौकटीत 'अंदाजे एक किलोमीटर' लिहिलं आणि जीपमध्ये बसले.

आमच्या अहवालाला पहिलं बक्षीस मिळालं. अचूक आकडेवारीबद्दल माझं खास कौतुक झालं, तेव्हा मी उभी राहून सगळ्यांना हात जोडले.