ट्रेलरमधले प्लास्टिकचे हंस

तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला दुबईच्या जबल अली बंदरातला तो ट्रेलर आठवतो. शिकारी लोक खऱ्या हंसांना भुलवायला मांडतात तसले दोनशे प्लास्टिकचे हंस त्यात भरायचे होते. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, गोदामात नवाच सुपरवायझर. आमचे चिपळूणचे म्हातारे लोडर काका प्रत्येक हंसाची मान आतल्या बाजूला फिरवून ठेवत होते. “बघत राहतात हो साहेब.” मी हसलो, “काका, प्लास्टिक आहे ते!” दार लावून सील ठोकलं आणि आतून ठक ठक ऐकू आलं. भर दुपारचं ऊन. आत माणूस अडकला असेल तर खलास. ड्रायव्हर ओरडला, “यल्ला, जल्दी करो, गेट बंद हो जाएगा!” सील तोडलं तर माझी कच्ची नोकरी जाणार होती. तरी तोडलं. आत कुणीच नव्हतं, पण सगळ्या माना दाराकडे वळलेल्या होत्या. उन्हात प्लास्टिक फुगतं, कडकडतं, हे मला कळतं. पण दोनशे माना एकाच दिशेला? काका आत चढले आणि एकेक मान परत फिरवू लागले, मीही चढलो. संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, “अंदर कौन था?” मी म्हणालो, “कोई नहीं, सर.” वॉर्निंग लेटरवर निभावलं. आजही कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देतो, फक्त द्यायला जरा वेळ लागतो.