उन्हाळ्यातली सुरगाठ

आग विझवण्याचं माझ्याकडे सर्टिफिकेट होतं. युद्धाच्या वेळी सोलापुरात नागरी संरक्षणाचे वर्ग निघाले, तेव्हा कॉलेजातून मी तीन दिवस जाऊन बसले होते. काचांना काळा कागद कसा चिकटवायचा, भोंगा लांब वाजला तर काय आणि तुटक वाजला तर काय, वाळूची बादली कोणत्या हाताने धरायची, हे एका निवृत्त हवालदाराने आम्हाला शिकवलं. युद्ध संपलं. लाल बादल्या कॉलेजच्या व्हरांड्यात टांगलेल्याच राहिल्या आणि त्यांतल्या वाळूत विड्यांची थोटकं जमत गेली. सर्टिफिकेट मात्र वडिलांनी काच बसवून भिंतीवर लावलं होतं, आणि मला बघायला आलेल्या मंडळींना ते चहाच्या आधी दाखवलं होतं.

लग्न झालं. नवरा सोलापुरातच एका कचेरीत कारकून होता, पण त्याचं घर टेंभुर्णीच्या वाटेवर एसटीतून उतरून दोन कोस आत. घरात एकटी सासू. तिला मी आत्या म्हणत असे. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा निरोप आला की गाय व्यायला झाली आहे, सुनेला महिनाभर पाठवून दे. नवऱ्याने मला एसटीत बसवून दिलं. गायीच्या बाळंतपणात माझा काय उपयोग, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या गायीत आत्याचा जीव अडकलेला होता. दुष्काळात दावणीची जनावरं एकेक करून गेली, बैलजोडीही गेली. एक खिलार कालवड तेवढी राहिली. तिला घेऊन आत्या गुरांच्या छावणीवर जाऊन राहिली, स्वतःची भाकरी तिच्या तोंडात घातली, असं गावात सांगत. ती कालवड आता पहिल्यांदा व्यायची होती. दारात पुन्हा बैल उभा राहायचा तो हिच्याच पोटातून, हे आत्याने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. माझ्याशी ती चार शब्द बोले, गायीशी चाळीस. खरं सांगायचं तर मला त्या जनावराचा मत्सर वाटे.

गावाचं वागणं होळीनंतर बदलत असे. घरं माळवदाची, वर मातीचं सपाट छत, त्यामुळे त्यांना आगीचं भय कमी. पण गोठे सगळे गवता-पाचटाच्या छपराचे, आणि एकेका गोठ्याला खेटून कडब्याची गंजी. वैशाखात वारं सुटलं की एक ठिणगी पुरे. म्हणून उन्हं चढायच्या आत भाकरी थापून चूल विझवायची आणि राखेवर पाणी मारायचं. दुपारी पाहुणा आला तर त्याला ताक मिळे, चहा मिळत नसे. दाराशी भरलेला रांजण, त्यावर भिजवलेलं पोतं. आणि जनावर बांधायचं ते सुरगाठीने. दाव्याचा शेंडा लोंबता ठेवायचा, म्हणजे एका हिसक्यात गाठ सुटते. सकाळ-संध्याकाळ आत्या तो शेंडा चाचपून बघे.

मला या सगळ्याचा वैताग यायचा.

"आत्या, आग काय रोज लागते?"

"रोज लागत न्हाय, म्हणून तर ध्यानात ठिवावं लागतंय की."

"आमच्याकडे फोन केला की आगीचा बंब येतो."

"आन फोन कुटं हाय?"

"कचेरीत असतो, पोस्टात असतो."

"आन पोस्ट सारखं उघडं आसतंय व्हय?" असं म्हणून ती गायीची पाठ खाजवायला निघून गेली.

गाय मोठी लबाड होती. सुरगाठीचा लोंबता शेंडा तोंडात धरून ओढायचं तिला कळलं होतं. आत्याने बांधली की तशीच उभी राही, बहुधा आत्याला भीत असावी. मी बांधली की तासाभरात मोकळी. एकदा शेजारच्या घरात शिरून तिने निवडायला ठेवलेली ज्वारी खाल्ली. दुसऱ्यांदा वाळत घातलेलं माझं नायलॉनचं पातळ अर्धं चघळलं. शेजारी आत्याचे चुलत दीर राहत, उंच, आवाजाने दांडगे. ते पारावर म्हणाले, "सोलापूरवालीला गाय बांधता येईना, पर आग इजवायचं शिकून आलीया म्हणं." सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन दोन दिवस धुमसत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या पाणी आणायला नदीकडे निघाली. सीना आटलेली होती, पात्रात झरा खणून वाटीवाटीने पाणी भरावं लागे, त्यात अर्धा दिवस जाई. जाता जाता म्हणाली, "गाईला सावलीला घे आन नीट बांद. आज-उद्याला व्याईल ती." मी गायीला गोठ्यात घेतलं आणि नीट बांधलं. निरगाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, शेंडा आत खोचून टाकला आणि पाय लावून दावं आवळलं. गायीने तोंडाने शोधून बघितलं, तिला काही सापडलं नाही. मला इतका आनंद झाला की मी तिला वेडावून दाखवलं.

त्या दिवशी खालच्या आळीला लग्न होतं. वऱ्हाड उशिरा पोचलं, जेवणं लांबली, आणि गावाने कधी नव्हे ती भर दुपारी चूल पेटती ठेवली. नियम सगळ्यांना ठाऊक होता, पण व्याह्यांना उपाशी कसं ठेवायचं? ठिणगी तिथूनच उडाली.

मी ओट्यावर डाळ निवडत होते. आधी वास आला, मग लोकांची पळापळ दिसली. खालच्या आळीतली गंजी पेटली होती आणि माणसं तिच्यापासून उलट दिशेला, आमच्या आळीकडे पळत येत होती. मला वाटलं, पळून चालले भित्रे. शहरात आग लागली की माणसं आगीकडे धावतात, निम्मी विझवायला आणि निम्मी बघायला. इथे जळत्या गंजीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ती गेलेलीच होती. वारं जिकडे वाहत होतं तिकडचे गोठे मोकळे करायला, छपरं ओढून पाडायला माणसं पुढे आली होती, हे मला दोन मिनिटांनी कळलं. त्या दोन मिनिटांत मी काय केलं ते सांगते. मी उभी राहिले. वर्गात शिकवलेलं पहिलं वाक्य आठवलं, घाबरू नका आणि वर्दी द्या, आणि वर्दी कुणाला द्यायची याचा विचार करत मी डाळीचं सूप हातात धरून उभी राहिले.

चुलत सासरे शिडी लावून माळवदावर चढले होते. तिथून त्यांना वारं दिसत होतं. ते एकेका घराला हाक मारत होते. सुतारणीला म्हणाले पोती भिजव, माळ्याच्या दोघा भावांना म्हणाले तिसरं छप्पर पाडा. हाक आली की माणूस त्या कामाला लागे, उलट विचारत नसे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सोलापूरवाली, गाय सोड."

सूप टाकून मी धावले. गोठ्याच्या एका कोपऱ्यातून धूर निघायला लागला होता. गाय मागे रेटत होती, दावं ताठ झालं होतं आणि माझी गाठ दगडासारखी आवळली होती. मी नखं लावली. नखं तुटली. डोळ्यांत धूर गेला, खोकला थांबेना, आणि गाय जितकी ओढत होती तितकी गाठ घट्ट होत होती. मी तिला शिव्या दिल्या. मग स्वतःला दिल्या.

तेवढ्यात आत्या आली. वाटेत धूर बघून पळत आली होती, कमरेवरची घागर तशीच होती. ते पाणी तिने आगीवर टाकलं नाही, स्वतःच्या अंगावर ओतून घेतलं आणि आत शिरली. हात सवयीने शेंड्याकडे गेला. शेंडा नव्हता. तिने गाठ चाचपली, एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय तरी धारंचं आण."

विळा आत्याचं शेत वाट्याने करणारा गडी घेऊन गेला होता. मी घरात पळाले आणि चुलीपुढची विळी उचलून आणली, पाटासकट. परत आले तेव्हा छपराचा कोपरा पेटला होता आणि जळतं गवत खाली गळत होतं. मी विळीच्या पाटावर दोन्ही पाय रोवले. आत्याने दावं दोन्ही हातांनी पात्यावर दाबून धरलं आणि ओढायला लागली. घायपाताचं दावं, चांगलं अंगठ्याएवढं जाड. एक पीळ तुटला, दुसरा तुटला. वरून पेटतं पाचट तिच्या हातांवर पडलं. मी ओरडले, सोडा म्हणाले. तिने हात हलवले नाहीत. दावं सैल पडलं असतं तर पातं लागलं नसतं, म्हणून ती ते तसंच धरून राहिली आणि मी तिच्या हातांवरचं जळतं गवत माझ्या पदराने झटकत राहिले. शेवटचा पीळ तुटला तेव्हा गाय मला पाडून बाहेर गेली. आम्ही दोघी बाहेर पडलो आणि मागे छप्पर बसलं.

चार गोठे गेले, सहा गंज्या गेल्या. माणूस गेलं नाही की जनावर गेलं नाही. गाय दिवस मावळायच्या सुमारास नदीच्या पात्रात सापडली आणि तिसऱ्या दिवशी व्याली. खोंड झाला.

आग विझल्यावर आत्याच्या हातांना लोणी लावत बायका भोवती बसल्या होत्या. चुलत सासरे आले आणि उभ्याउभ्या विचारलं, "वैनी, साऱ्या गावाची जनावरं सुटली. तुजीच का आडकली?"

मी लोण्याची वाटी उगाच पुढे सरकवली.

"दाव्यावर सकाळी पाणी सांडलं व्हतं," आत्या म्हणाली. "भिजलं आन आवळून बसलं."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "इळी आणायचं बरं सुचलं हिला." बायकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी खाली मान घातली. लाजली, असं सगळ्यांना वाटलं असणार.

हात चिघळले, तेव्हा तिला सोलापूरला आणावं लागलं. दोन्ही हातांना पट्ट्या. आम्ही चाळीत वरच्या मजल्यावर राहत होतो, खाली चादरींचे माग होते आणि जिन्याखाली सुताचे गठ्ठे रचलेले असत. आत्या जिना चढून वर आली, धाप लागली होती, तरी खाटेवर बसली नाही. आधी गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"ह्या जिन्याला आग लागली तर दुसरी वाट कुटं हाय?"

मी दीड वर्ष त्या चाळीत राहत होते. मला माहीत नव्हतं. नवरा हसला, म्हणाला, "आई, हे शहर आहे." पण ती पट्ट्या बांधलेल्या हातांनी बिऱ्हाडामागून बिऱ्हाड विचारत फिरली. खालच्या विणकराच्या बायकोचं मराठी तोडकं, हिला तेलुगू येत नाही, तरी दोघींचं जमलं. मागे एक लोखंडी जिना निघाला. त्याच्या दाराला कुलूप होतं, दारापुढे मोडक्या मागाची लाकडं. किल्ली मालकाकडे, मालक म्हणाला हरवली. आठवडाभर सगळी चाळ त्यावर हसली आणि मग विसरली. आम्ही ती जागा सोडली तेव्हाही ते कुलूप तसंच होतं.

तिला जेवण मी भरवत असे. हातांना काही धरता येत नव्हतं. एका दुपारी नवरा कचेरीत गेला होता, मी भाकरी कालवून घास तिच्या तोंडाजवळ नेला आणि माझ्याच्याने राहवेना.

"आत्या, निरगाठ मी मारली होती."

"ठावं हाय की. त्या गोठ्यात आपुन दोगीच बांदतो." तिने घास घेतला.

"मग गावाला दावं भिजलं म्हणून का सांगितलंत?"

ती सावकाश चावत राहिली. घास गिळून झाल्यावर म्हणाली, "आगीत हाक कुणाला मारायची, ते मानसाच्या मनात आधीच ठरल्यालं आसतंय. तितनं तुजं नाव एकडाव गेलं, तर परत घालायला मला जमलं नसतं."

डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं, उजव्या हाताची तीन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. भाकरी थापायला पंजा उघडावा लागतो, म्हणून तिने पुन्हा भाकरी थापली नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. कुणी त्या बोटांचं विचारलं की ती दाव्याला दोष देई, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवत असे.